मागचं डावं चाक

दोन आठवड्यांत श्रीरंगनं तिसऱ्यांदा मत फिरवलं, तेव्हा प्रमोदिनीनं चहाचा कप खाली ठेवला आणि ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. रविवारची सकाळ होती. मयूर विहारहून गाझियाबादला जायला साडेनऊला निघायचं ठरलं होतं, मसालेभाताचा डबा भरून झाला होता, सासूबाईंच्या सोबतीला खालच्या मजल्यावरच्या लतिकाबाई येऊन बसल्या होत्या, आणि हा माणूस अर्धी दाढी करून बाहेर येऊन सांगत होता की आज राहू दे. गुणवंत सही करणार नाही, उगाच त्याला कशाला डिवचायचं.

"पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच म्हणालात, त्याची सही मी आणतो."

"म्हणालो होतो."

"मग आता काय झालं?"

तो पुन्हा बाथरूममध्ये गेला.

सगळा घोळ होता एका गाडीवरून. भाऊसाहेबांनी, म्हणजे प्रमोदिनीच्या सासऱ्यांनी, एकसष्ट साली एका लिलावात जुना अमेरिकन पिकअप घेतला होता. पुढे चिंचोळी केबिन, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. गाझियाबादला त्यांचा विजेची पॅनेलं बनवायचा छोटा कारखाना होता, त्याचा माल ह्या गाडीतून हापूड-मेरठपर्यंत जायचा. मरताना त्यांनी कारखाना धाकट्या गुणवंतला दिला, मयूर विहारचा फ्लॅट थोरल्या श्रीरंगला, आणि पिकअप दोघांच्या नावावर ठेवला. का, ते कुणालाच कळलं नाही. एका गाडीला दोन मालक म्हणजे प्रत्येक कागदावर दोन सह्या. ज्या भावांचं वर्षाकाठी चार वाक्यं बोलणं व्हायचं, त्यांच्याकडून दोन सह्या मिळवणं प्रमोदिनीला ऑफिसातली फाइल तीन खात्यांतून फिरवण्यापेक्षा अवघड वाटायचं, आणि फायली फिरवण्यात तिची तीस वर्षं गेली होती.

पिकअप एकोणऐंशी सालापासून गुणवंतच्या शेडमध्ये उभा होता. त्या साली गुणवंत तो चालवत असताना हिंडन नदीच्या पुलाअलीकडे अपघात झाला, शेजारी बसलेल्या आईचा डावा पाय गुडघ्याखाली चेंगरला, आणि त्यानंतर गुणवंतनं कुठल्याच गाडीचं स्टिअरिंग हातात धरलं नाही. प्रमोदिनी सहा महिन्यांनी लग्न होऊन घरात आली. तिला ती गोष्ट तयारच मिळाली: धाकट्याला वेगाचं वेड होतं, त्यानं आईचा पाय घालवला. कुणी ती मोठ्यानं सांगत नसे. सासूबाई काठी टेकत खोलीत आल्या की गुणवंत काहीतरी निमित्त काढून उठायचा, तेवढ्यावरून नव्या सुनेला सगळं कळलं.

आणि आता ह्या गाडीच्या मागे उल्का लागली होती. प्रमोदिनीची एकुलती एक मुलगी, सत्तावीस वर्षांची, गुडगावला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, आणि सुट्टीच्या दिवशी हेल्मेट घालून ट्रॅकवर गाड्या पळवणारी. मुलीचा हा उद्योग प्रमोदिनीनं ऑफिसात कुणाला सांगितला नव्हता. मार्चमध्ये ग्रेटर नोएडाकडे एक क्लब जुन्या गाड्यांच्या वेगाच्या फेऱ्या भरवणार होता, आणि उल्काला तिथे आजोबांचा पिकअप उतरवायचा होता. इंजिन काकांनी तळहातावर ठेवल्यासारखं जपलेलं, त्याची काळजी नव्हती. प्रश्न ब्रेकचा होता. उल्कानं जेवणाच्या टेबलावर दोन वाट्या आणि एक ताटली मांडून आईला समजावलं. जुने ब्रेक ड्रमचे, म्हणजे चाकाच्या आत एक डबा आणि त्याला आतून दाबणारे पट्टे. रस्त्यावर एकदा थांबायचं असेल तर ठीक. पण ट्रॅकवर दर वळणाआधी जोरात ब्रेक मारावा लागतो, चार वळणांत डबा तापतो, आणि मग पाय कितीही दाबा, पकडच येत नाही. म्हणून पुढच्या दोन चाकांना उघड्या डिस्क लावायच्या, त्या वाऱ्यावर थंड होतात. मागे ड्रमच ठेवायचे, पण आतलं सामान आणि नळ्या सगळ्या नव्या. शिवाय मुख्य सिलिंडर बदलायचा. जुन्यात चारी चाकांचं ब्रेक ऑइल एकाच वाटेनं जातं, एके ठिकाणी गळलं की चारी चाकं गेली. नव्यात पुढची वाट वेगळी, मागची वेगळी. हे नसेल तर क्लब गाडीला आतच घेणार नव्हता, आणि हे करायचं तर सगळ्या मालकांची लेखी संमती हवी होती.

प्रमोदिनीला त्यातलं निम्मं कळलं, आणि तेलकट बोटं लागलेल्या वाट्या पुन्हा घासाव्या लागल्या.

सुरुवातीला श्रीरंग खूष होता. भाऊसाहेबांची गाडी पुन्हा पळणार म्हणून त्यानं दोन जुन्या मित्रांना फोनही केले. मग एका संध्याकाळी उल्कानं कामाची यादी वाचून दाखवली, तेव्हा तो म्हणाला, मागच्या चाकांना हात कशाला लावायचा, पुढची बदला की. उल्का म्हणाली, बाबा, असं हाफ काम नाही करत कुणी. दोन दिवसांनी तो म्हणू लागला की जुनी वस्तू जुनीच राहू द्यावी, बदलली की तिच्यात काही राहत नाही. आणि आज, निघायच्या वेळेला, हे. नोकरीत असताना ह्याच माणसानं कार्यालयाच्या कूलरचा रंग ठरवताना सुद्धा एकदा घेतलेला निर्णय बदलला नव्हता. निवृत्तीनंतर माणसं विचित्र होतात असं तिनं ऐकलं होतं. पण तीन महिन्यांत?

"तुम्ही येत नसाल तर आम्ही दोघी जातो," तिनं बंद दाराबाहेरून सांगितलं.

तो आला. प्रमोदिनी गाडी चालवत होती, तो शेजारी बसून सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होता. मागे उल्का फोनवर मिस्त्रीशी बोलत होती. नसीम मिस्त्री गाझियाबादचाच, जुन्या गाड्यांच्या कामात नावाजलेला. सही झाली तर आजच चाकं उघडून मापं घ्यायची, म्हणजे सामान मागवता येईल, असा तिचा बेत होता.

गुणवंतच्या घरी काय होणार ते प्रमोदिनीनं आधीच जुळवून ठेवलं होतं. त्याची बायको अरुणा गेली वीस वर्षं कुरकुरत होती की त्या लोखंडानं अर्धी शेड अडवलीये. परवाच फोनवर ती म्हणाली होती, ताई, तुम्ही विषय काढा, मी बिल्कुल तुमच्या बाजूनं बोलते. प्रत्यक्षात पानं वाढून झाली, विषय निघाला, गुणवंतनं कपाळाला आठी घातली, आणि अरुणा म्हणाली की ह्यांना नको असेल तर राहू द्या ना, कशाला. प्रमोदिनीनं तिच्याकडे असं पाहिलं की ती कोशिंबीर आणायच्या निमित्तानं आत गेली.

गुणवंत छप्पन्न वर्षांचा, वाळलेला, कमी बोलणारा. त्यानं उल्काचं सगळं ऐकून घेतलं. मग भाऊसाहेबांच्या तोंडून ऐकलेलं जुनं वाक्य तो म्हणाला.

"त्या गाडीच्या ब्रेकला काही झालेलं नव्हतं. जे झालं ते चालवणाऱ्याला झालं होतं."

श्रीरंग वरण-भात कालवत राहिला. तो खात नव्हता, नुसता कालवत होता, आणि प्रमोदिनीला त्याचा असा संताप आला की ते ताट उचलून घ्यावं. सही आणतो म्हणणारा हाच. निदान एक शब्द बोलायला काय हरकत होती.

शेवटी उल्काच बोलली. "काका, ते तुमचं जे काय असेल ते असेल. मार्चमध्ये ती गाडी मी चालवणार आहे. मला थांबता आलं पाहिजे."

"तू?" गुणवंतनं मान वर केली. "क्लबचा ड्रायव्हर नसतो?"

"नाही. मीच."

इतके दिवस आपण कोणत्या गोष्टीला नाही म्हणतोय तेच त्याला कळलेलं नव्हतं, हे प्रमोदिनीच्या त्या क्षणी ध्यानात आलं. कारण गाडी उल्काच चालवणार, हे कुणी त्याला सरळ सांगितलंच नव्हतं. अरुणानं अर्धं सांगितलं होतं, श्रीरंगनं अजिबात नाही. गुणवंतनं हात धुतले, चष्मा लावला, कागद मागितला आणि दोनदा वाचून सही केली. मग म्हणाला, चारी चाकं उघडा, काही ठेवू नका. अरुणा आतून येऊन म्हणाली, मी म्हणतच होते. प्रमोदिनीनं तेही गिळलं.

आणि तेव्हा श्रीरंगला कंठ फुटला. आज फक्त पुढची उघडा, तो म्हणाला. मागचे बोल्ट गंजलेले असतील, तुटतील, मिस्त्रीला उगाच त्रास. पुढच्या रविवारी बघू.

"दादा," गुणवंत म्हणाला, "पोरीला त्या ब्रेकवर बसवू मी?"

कित्येक वर्षांत तो थोरल्या भावाला एवढंही बोलला नव्हता. प्रमोदिनीला वाटलं, चला, संपलं एकदाचं.

शेडमध्ये नसीम मिस्त्रीनं पिकअप चार लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवला. पुढची चाकं उघडली, पट्टे झिजून पत्र्यासारखे झालेले, तेवढी अपेक्षाच होती. मागचं उजवं उघडलं, तेही तसंच. डाव्याचा ड्रम निघता निघेना. हातोडीनं ठोकून तो निघाला तेव्हा आतले पट्टे कधीतरी गळलेल्या ब्रेक ऑइलनं माखून काळेकुट्ट झालेले होते. नसीम बराच वेळ बघत राहिला. मग टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला आणि तिथूनच त्यानं उल्काला हाक मारली.

"मॅडम, ये गाडी तो तीन पहियों पे रुक रही थी. चौथे का पाइप किसी ने मोड़ के पीट दिया है."

उल्का खाली सरकली, वर आली, आणि मोठ्यांना समजेल असं तिनं सांगितलं. मागच्या आसापाशी ब्रेकच्या नळीला दोन फाटे फुटतात, एक उजव्या चाकाला, एक डाव्या. डाव्याची नळी कुणीतरी दुमडून हातोडीनं चपटी केली होती. चाकाचा छोटा सिलिंडर गळायला लागला की रस्त्याकडेचे मिस्त्री असं करतात, निदान बाकीच्या चाकांचं तेल वाचतं. घरी पोचण्यापुरतं ते चालतं. नंतर लगेच दुरुस्त करायचं असतं.

"हे कधीचं असेल?" प्रमोदिनीनं विचारलं.

नसीम म्हणाला, चपट्या जागेवर जुन्या रंगाचा आणि गंजाचा थर आहे, तीस-पस्तीस वर्षं सहज. गुणवंतनं नुसती मान हलवली. अपघातानंतर भाऊसाहेबांनी पत्रा सरळ करून घेतला होता आणि गाडी शेडमध्ये लावली होती. त्यानंतर ती अंगणापलीकडे गेलीच नाही, आणि ब्रेक उघडायचं कारण कुणाला पडलं नाही.

"काका, त्या दिवशी नक्की काय झालं होतं?" उल्कानं विचारलं.

त्यानं सांगितलं, गाडीकडे बघतच. बैलगाडी आडवी आली. त्यानं जोरात ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी उजवीकडे फिरली आणि आडवी होऊन पुलाच्या खांबाला लागली. आईच्या बाजूनं.

"फिरणारच होती," उल्का हळू आवाजात म्हणाली. "डावं चाक धरतच नव्हतं. उजवं धरणार, गाडी उजवीकडे वळणार, डावी बाजू पुढे येणार. तुमच्या जागी मी असते तरी हेच झालं असतं."

प्रमोदिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. श्रीरंग शेडच्या दाराशी उभा होता, चौकटीला हात टेकून. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते होतं, नसीमच्या सुद्धा. आणि मग तिला एकेक करून ते दोन आठवडे आठवले: मागच्या चाकांना हात नको, जुनं जुनंच राहू दे, आज राहू दे, पुढच्या रविवारी बघू.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

त्यानं नाकारलं नाही. अपघाताच्या आठ दिवस आधी तोच गाडी घेऊन हापूडला गेला होता. परतताना वाटेतल्या पिलखुवा गावात चाकाजवळ तेल गळताना दिसलं. तिथल्या मिस्त्रीनं नळी ठोकून बंद केली आणि बजावलं, दोन-चार दिवसांत सिलिंडर बदला. दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिसच्या कामासाठी भोपाळला जावं लागलं. घाईत सांगायचं राहून गेलं. परत आला तो थेट हॉस्पिटलात. भाऊसाहेब गुणवंतवर आग पाखडत होते. त्याला वाटलं, जरा शांत झाले की सांगू. मग आईचं ऑपरेशन झालं. मग लग्नाची बोलणी सुरू झाली.

"आपल्या लग्नाची," प्रमोदिनी म्हणाली.

"हो."

हा माणूस दर वर्षी मीटरचं रीडिंग चुकलं म्हणून वीज मंडळाला तीन पानी पत्रं लिहायचा.

गुणवंतनं एवढंच विचारलं, "आठ दिवस?" श्रीरंग हो म्हणाला. गुणवंत नळावर गेला, हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. अरुणा त्याच्या मागे जाऊन टॉवेल घेऊन उभी राहिली, आणि ह्या खेपेला तिच्या तोंडून एक शब्दही निघाला नाही. तो परत आला तेव्हा श्रीरंगकडे न बघता प्रमोदिनीशी बोलला.

"वहिनी, आईला सांगू नका."

"का?"

"तिनं मला माफ केलंय. खूप वर्षं लागली तिला. आता एक्क्याऐंशीव्या वर्षी तिला दुसऱ्या मुलासाठी तेच पुन्हा करायला लावू नका."

श्रीरंगच्या चेहऱ्यावर जराशी सुटका दिसली. ती दिसली नसती तर प्रमोदिनी कदाचित गप्पही बसली असती. चांगुलपणा धाकट्यानं दाखवायचा आणि त्याच्या आडोशाला थोरल्यानं बसायचं, हे ती आता आणखी एक दिवस चालू देणार नव्हती.

"भाऊजी, पाय त्यांचा आहे," ती म्हणाली. "कुणी काय सांगायचं आणि काय नाही, हे तुम्ही दोघं भाऊ बत्तीस वर्षं ठरवताय. आज संध्याकाळी हे सांगतील. नाहीतर मी सांगेन."

गुणवंतनं वाद घातला नाही. वाद घालायची त्याला सवयच राहिली नव्हती. तो शेडमध्ये जाऊन उघड्या चाकाजवळ स्टुलावर बसला, आणि थोड्या वेळानं उल्का त्याच्याजवळ जाऊन मापं घेऊ लागली. ती म्हणाली, तुम्ही दोघं जा, मी मेट्रोनं येते, नसीमभाईंचं काम अजून बाकी आहे.

परतीच्या वाटेवर श्रीरंगनं दोनदा सुरुवात केली. एकदा म्हणाला, तू समजून घे. नंतर म्हणाला, मी रोज सांगणार होतो. दोन्ही वेळा प्रमोदिनीनं गिअर बदलला.

घरी पोचले तेव्हा पाच वाजत आले होते. लतिकाबाई चहा घेऊन गेल्या. श्रीरंग आईच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. प्रमोदिनी हॉलमध्ये बसली. आतून एकाच माणसाचं बोलणं येत होतं, मधेच थांबत, पुन्हा सुरू होत. आईचा आवाज एकदाही आला नाही. वीस मिनिटांनी तो बाहेर येऊन खुर्चीत बसला, आणि पाठोपाठ काठी टेकत सासूबाई आल्या.

चंद्रप्रभाबाई एरवी संध्याकाळी बाहेर येत नसत. त्या उभ्याच राहिल्या. प्रमोदिनीनं हात धरायला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"गुणवंतनं मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलात, तिसऱ्या दिवशी. माझ्या पायाशी बसून म्हणाला, आई, मी ब्रेक दाबला होता, गाडी आपोआप फिरली. मी त्याला म्हटलं, पाय घालवलास तो घालवलास, वर खोटं बोलू नकोस." त्या थांबल्या. "त्यानंतर तो कुणाजवळच काही बोलला नाही. मला वाटलं, चूक पटली म्हणून बोलत नाही."

श्रीरंग म्हणाला, "आई, माझी चूक आहे."

"तुझं तू आत सांगितलंस. ऐकलं मी. हे माझं आहे."

मग त्या प्रमोदिनीला म्हणाल्या की मला आत्ता गुणवंतकडे जायचंय. प्रमोदिनीनं सांगून पाहिलं, आई, ह्या वेळी ट्रॅफिक असतो, तासभर पाय लोंबकळत ठेवून बसाल, रात्री सुजेल, सकाळी नेते. आत्ताच तिथून आलोय आम्ही. सासूबाई दाराशी जाऊन चपला घालू लागल्या, डावी चढेना तेव्हा काठीच्या टोकानं ओढू लागल्या. प्रमोदिनीनं एक उसासा टाकला, खाली बसली आणि ती चप्पल त्यांच्या पायात घातली. ह्या घरातलं एकही माणूस कुठलीच गोष्ट वेळेवर करत नव्हतं, आणि करायची ठरली की त्याच मिनिटाला हवी होती.

श्रीरंगनं उठून किल्ली घेतली.

"तू नको," सासूबाई म्हणाल्या. "प्रमोदिनी नेईल."

त्यानं किल्ली बायकोच्या हातात दिली. ती घेताना प्रमोदिनीनं त्याच्याकडे पाहिलं. दिवसभर ज्याचा राग आला होता तो माणूस आता अगदी म्हातारा दिसत होता, पण त्याला काही धीराचं बोलावं असं तिला आतून वाटेना, आणि ओढून ताणून ती बोलली नाही. फ्रिजमध्ये भात आहे एवढं सांगितलं.

खाली गाडीत बसल्यावर सासूबाईंनी फोन लावून मागितला. गुणवंतनं उचलला. मागे शेडमधली ठोकाठोक ऐकू येत होती, उल्काचा आवाजही.

"गुणवंता," त्या म्हणाल्या, "तू खोटं बोलला नव्हतास."

पलीकडची ठोकाठोक थांबली. त्यानं फोन बंद केला नाही. सासूबाई फोन तसाच कानाला धरून बसल्या, आणि प्रमोदिनीनं गाडी फाटकाबाहेर काढली.